पाव फेरा

बाराचा पाना लावला आणि
टक्.
सुपारी फुटावी एवढाच आवाज.
हातात आला नट, नटात अर्धा स्टड,
उरलेला अर्धा आत राहिला
हेडच्या पातळीला, सपाट,
जणू तिथून कधी काही बाहेर आलंच नव्हतं.

मोडेन पण वाकणार नाही, हे
आपण नुसतं म्हणतो.

दुसरा त्याहून खाली तुटला.
करंगळीच्या नखाने चाचपावं लागे
कुठवर ॲल्युमिनियम, कुठून लोखंड.

गाडी चौदा वर्षं उभी कन्नमवार नगरात,
आमच्या इमारतीच्या पाठीमागे, खाडीकडे तोंड करून.
खाडीचा वारा रिकाम्या हाताने येत नाही,
मीठ आणतो
आणि आट्याआट्यांत भरून ठेवतो.

हेड उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं,
दोन मजले छातीशी धरून चढलो.
जिन्यात गव्हाणेवहिनी म्हणाल्या,
वजन चांगलं आहे हो.

वृषालीने पोळपाट उचलला, ओटा दिला.
अट एकच: सोमवारच्या डब्याआधी
ओटा परत. आणि तो वास घेऊन जा.

रात्रभर तेल पाजलं, थिनरमध्ये मिसळून,
ड्रॉपरने, बाळाला औषध द्यावं तसं.
सकाळी शेगडीवर हेड तापवलं,
ॲल्युमिनियम आधी फुगतं, लोखंड मागाहून,
तेवढ्या केसभर फटीत मेणबत्ती टेकवली.
मेण आत ओढलं गेलं. मी पाहिलं.
देवघरातली मेणबत्ती होती, लाइट जाते तेव्हाची,
तेही नंतर ऐकून घेतलं.

कुर्ल्याच्या शकूर मिस्त्रीने डावखुरं ड्रिल दिलं,
फडक्यात बांधून, दागिना द्यावा तसं.
म्हणाला, इझी-आऊट मत डालना,
वो अंदर टूटा तो बैठके रोना.
आणि जोर? मी विचारलं.
जोर तो पहले लग चुका है, साब.

हो, लागून चुकला होता.
हे स्टड कोणी आवळले ते शकूरला माहीत नव्हतं.
हेमू टॉर्च धरून होता त्या रात्री.
म्हणाला, दादा, बास, लागला.
सहा वर्षांनी धाकटा,
आयटीआयला पहिला आलेला,
आणि बरोबर होता, हे मला हातातच कळत होतं.
म्हणून मी पान्यावर पाइप चढवला
आणि अजून पाव फेरा दिला.
त्याने टॉर्च हलवला नाही. काही बोललाही नाही.

पुढे खोलीचे कागद झाले
तेव्हाही बोलला नाही.
आता अंबरनाथला असतो.

मधोमध पंच मारला. ड्रिल उलटं लावलं.
भुसा आला चांदीसारखा, मग काळा,
मग टोक रुतलं
आणि आतला तुकडा
थरथरला, फिरला,
एक आटा, अजून एक,
स्वतःहूनच वर येऊ लागला,
जणू कोणी हाक मारायचीच खोटी होती.
मी ड्रिल बंद केलं. बोटांनी काढला.
मेणाने माखलेला, अजून गरम.

दुसरा नाही निघाला असा.
भोक तिरकं गेलं, ॲल्युमिनियम खाल्लं गेलं,
दिवसभराच्या आटापिट्यात आटेच राहिले नाहीत.
तिथे आता स्प्रिंगचा आटा बसवायचा.
शकूर म्हणतो, चालतो, असलीपेक्षा जास्त टिकतो.
मी मान हलवली. भोक माझं होतं.

रात्री साडेदहाला ओटा सोड्याने घासला.
नवे स्टड डबीत, तेल लावून.
पहिला हातानेच फिरवत बसवला,
नट घातला, पाना लावला,
पाइप माळ्यावर होता, तिथेच राहू दिला.
मग पाना एका जागी जड झाला
आणि मनगट, सवयीने,
अजून थोडं पुढे निघालं.

बास, लागला,
मी मोठ्याने म्हणालो.
आतून वृषालीने विचारलं, कोण आहे?