जन्मगाव

वडगावात, मागांच्या खटखटीला लागून माझं दुकान.
लोक कॉम्प्युटर आणतात चादरीत गुंडाळून,
तापलेलं पोर आणावं तसा,
आणि न विचारताच पासवर्ड सांगतात.
मोठ्यानं.
नातवाचं नाव आणि एक दोन तीन.
गाडीचा नंबर, केए बावीस, पुढचं सगळं.
"तू काय परका हाईस काय?"

परकाच आहे मी. स्क्रू ड्रायव्हर हातात असलेला परका.
कुणाच्या हार्ड डिस्कवर काय झोपलंय
ते मी बघत नाही, ते दिसतं.
मग डोळे मागांच्या आवाजावर ठेवून
काम उरकतो.

मंगळवारी मुतगेकर बाई आल्या.
सातवीला त्यांनी भूगोल शिकवला होता मला.
नकाशात हद्दीची रेघ तुटक काढायची,
मी सलग ओढली म्हणून छडी.

बाईंचं खातं कुलूपबंद.
आत पेन्शनचे कागद, मस्कतच्या मुलाची पत्रं,
आणि गेल्या साली वारलेल्या बहिणीचा आवाज,
एकोणीस सेकंद.
पडदा एवढंच विचारत होता:
तुमचं जन्मगाव कोणतं?

एवढंच ना, म्हटलं.
बेळगाव. चूक.
बेळगावी. चूक.
इंग्रजीत, जुन्या पाटीवरचं, शेवटी यू आणि एम.
चूक.
नव्या पाटीवरचं, शेवटी व्ही आणि आय.
चूक.
"कन्नडात बघूया की अण्णा," बसू म्हणाला,
आणि तो कीबोर्ड उघडून
बोटानं ळ शोधत राहिला,
तोच ळ, दुसऱ्या अंगरख्यातला.
चूक.
आता एकच संधी उरली आहे,
पडदा म्हणाला, जराही न चिडता.

बाई चष्म्याची एक काच पुसत होत्या, एकच, केव्हाची.
"खरं कशाला लिहीन मी?"

"बाई?"

"एकाहत्तरपासून दर शिरगणतीला
दारात आलेल्या माणसाला मातृभाषा खरी सांगितली मी.
शाळेच्या फॉर्मवर खरी. रेशनच्या फॉर्मवर खरी.
कुणी ती कुठल्या बेरजेत धरली, कुठल्या वजाबाकीत,
मला कधी कुणी कळवलं नाही.
म्हणून ह्यानं विचारलं तेव्हा ठरवलं,
ह्याला खोटं सांगायचं.
ह्याच्याकडं कशाला पाहिजे माझं गाव?"

"मग काय लिहिलंत?"

"तेच तर आठवंना."

बसू हसला. मी हसलो. मग बाईही,
आणि तेवढ्यात काउंटरवर त्यांचा फोन थरथरला:
तुम्ही आत्ता वडगावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहात.
अनुभव कसा होता? पाचपैकी किती तारे द्याल?
खाली मस्कतचं विमान, स्वस्तात.
त्याखाली गुडघ्याचं तेल, आधी मराठीत, मग कन्नडात.

कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ.
बाईंनी फोन उचलला,
पालथा घातला,
वर माझं बिलबुक ठेवलं.
म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड कर. तू पण रे, बसवराज."

आम्ही दोघं भिंतीकडं.
कॅलेंडरवर कुठल्याशा सोसायटीची जाहिरात, गणपती,
आणि पाठीमागं एक एक बटण,
खडूनं फळ्यावर लिहावं तितक्या सावकाश.
मग काही नाही. मग माग.
मग एक बाईमाणूस, खरखरत, लांबून:
"अगं शालू, जेवलीस काय? मी आपलं
आंबट वरण केलंय, तुझ्यासारखं जमंना…"

एकोणीस सेकंद भिंतीकडं बघत उभं राहणं
किती लांब असतं.

पैसे देताना बाई म्हणाल्या, "ऐकलास न्हवं? विसर आता."
विसरतो, म्हणालो.

पण कान मागांत वाढलेले. ठोका मोजल्याशिवाय राहत नाहीत.
सहा वेळा वाजलं बटण, आणि एक एंटर.
एवढंच ठाऊक आहे मला,
आणि तेही जास्तच आहे.