पान्छांग

निंगबोहून परतताना दोन वस्तू आणल्या.
एक लाकडी खोक्यात, बोटीने, कारखान्याच्या नावावर.
दुसरी खिशात: तांबड्या रेशमी दोरीची गाठ,
तळहाताएवढी, खाली गोंडा.

विकणारी म्हातारी चिनी बोलायची
आणि तिचा फोन हिंदी.
फोन म्हणाला, हिचं नाव पान्छांग.
मी म्हणालो, पंचांग? आमच्याकडेही असतं,
आम्हीही भिंतीवरच टांगतो.
फोनला हसता येत नव्हतं. म्हातारी हसली.
फोन म्हणाला, हिला आरंभ नाही, अंत नाही,
दीर्घ आयुष्य, घरातलं कुणी कुणापासून तुटत नाही.
शेजारी दोन नाण्यांची होती, बरकतीसाठी,
एक फुलपाखराची,
आणि एक नवराबायकोची, दोन मनं एका फाशात.
ती घेतली नाही.
अम्माच्या गळ्यातले मूडुमुळ्ळु, लग्नातल्या तीन गाठी,
नाना गेले त्या दिवशी कात्रीने सुटल्या.

अम्मा, म्हणजे राजमणी बिंगी,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात बीम जोडते.
संपत आलेल्या ताण्याच्या शेपटीला
नव्या ताण्याचं तोंड.
चोवीसशे धागे, चोवीसशे गाठी,
अंगठा, तर्जनी, मध्ये चिमूटभर राख.
गाठ फणीत अडकली तर शिवी,
चादरीवर दिसली तर पगार कापतात.
मोर काढणाऱ्याचं नाव होतं.
जोडणी मात्र झालीय
हेच कुणाला कळता कामा नये.

तिने पान्छांग पुढून पाहिली, मागून पाहिली.
"हिला उलटी बाजूच नाही रे."
मग,
"दिसावी म्हणूनच मारलीय?"
हो.
"कशाला काही जोडत नाही?"
मी अर्थ सांगितला, फोनने सांगितला तसा.
"सुरुवात नाही असं सूत नसतं," ती म्हणाली
आणि भात लावायला उठली.

रात्री दीडला दिवा.
पाच्छा पेठेतली आमची खोली, खिडकीबाहेर
कुणाचा तरी माग अजून खटखटत होता.
तिच्या मांडीवर तांबडी दोरी, सगळी सुटलेली.
सुटली तरी सरळ होईना,
जिथे जिथे वळली होती तिथे अजून वाकून होती.
"टोकं गोंड्याच्या मानेत लपवली होती," अम्मा म्हणाली,
चोर धरल्यासारखी.

तेव्हा सांगून टाकलं
खोक्यात काय येतंय ते.
मिनिटाला चारशे गाठी.
राख लागत नाही. पाठ दुखत नाही.
चालवायला मीच शिकून आलोय, सव्वीस दिवस.
अम्मा दोरी बोटाला गुंडाळत राहिली.
"सगळ्या एकसारख्या?"
एकसारख्या.
"बरंय."
मग बऱ्याच वेळाने,
"राखेने नखं जातातच तशीही."

गड्ड्याची जत्रा उठली आणि खोकं उघडलं.
ती पाहायला आली, इस्त्रीची साडी नेसून,
पाहुणीसारखी दारात चपला काढून.
यंत्र ताण्यावरून सरकत गेलं, टिकटिक, टिकटिक,
मालक खूश, मीही खूश असायला हवं होतं.
तिने डोळे मिटले, ताण्यावरून तर्जनी फिरवली
या काठापासून त्या काठापर्यंत.
"लागते हाताला," म्हणाली. फक्त मला.

आता पान्छांग भिंतीवर आहे,
मार्कंडेयाच्या तसबिरीखाली, कॅलेंडरच्या शेजारी.
महिनाभर रोज रात्री बांधली, सोडली, बांधली.
एक पाकळी जरा मोठी झालीय,
गोंडा डावीकडे कलतो.
आणि मध्ये कुठेतरी,
ओढताना दोरी तुटली होती, म्हणते.
पीळ उलगडून एकेक तंतू सांधलाय.
"कुठे ते शोध."

पुढून पाहिलं. मागून पाहिलं.
डोळे मिटून बोट फिरवलं, तिच्यासारखं.
ती शेंगा सोलत बसलीय,
माझ्याकडे बघतसुद्धा नाही.