अ‍ॅव्हरेज

रऊफ मिस्त्रीनं आप्पांच्या जीपमध्ये
आईची काचेची बरणी बसवली, त्याला नऊ वर्षं झाली.
झाकणाला दोन भोकं,
आत स्टीलच्या ताटाचे कापलेले तुकडे,
पाणी, चमचाभर खायचा सोडा,
आणि बॅटरीपासून आलेली तांबडी वायर.
किल्ली फिरवली की बुडबुडे.
"बघा आप्पा, पाण्यातून गॅस निघूलालाय.
डिझेलला जोडीदार आला."
आप्पांनी बरणीला हात जोडायचेच बाकी ठेवले.

बरणीच्या आधी लोहचुंबक होतं,
फुटक्या स्पीकरमधून काढलेलं,
डिझेलच्या नळीला सुतळीनं बांधलेलं.
त्याच्याही आधी पत्र्याचा पंखा,
आत जाणाऱ्या हवेला गिरकी द्यायला.
तो नळेगावजवळ सुटला.
त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

मी तेव्हा उदगीरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.
हिशेब माझ्याकडे, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर:
टाकी काठोकाठ, लातूर, परत,
त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ.
बरणीच्या आधी साडेबारा.
बरणीनंतर साडेचौदा!
आप्पांनी स्टँडवर सगळ्यांना भजी चारली,
आणि आठवडाभरात आमच्या गल्लीतल्या
बरण्या कमी व्हायला लागल्या.

पण बॅटरी कोण भरतं?
रात्री ताट घासताना मला हे सुचलं.
इंजिन. आणि इंजिन कशावर?
म्हणजे या खिशातलं काढून त्या खिशात,
आणि काढताना थोडं सांडणारच.
मग हे दोन किलोमीटर आले कुठून?

मंगळवारी पहाटे तांबडी वायर मी आतून तोडली,
वर काळी पट्टी गुंडाळली, दिसायला जोडलेलीच.
गाडी चालू असताना बॉनेट उघडायचं नाही,
गॅस आहे, असं रऊफनंच बजावलेलं.
आठ दिवस बरणीत नुसतं पाणी हिंदकळलं.
आकडा: चौदा पॉइंट सहा.

रविवारी मी पुढच्या सीटवर बसले.
काटा पन्नासच्या वर जात नव्हता.
गतिरोधक यायच्या कितीतरी आधी पाय उचललेला.
रेल्वेचं फाटक लागलं तर इंजिन बंद.
मागचा ट्रॅक्टरवालासुद्धा हॉर्न देऊलालता.
"आप्पा, एवढं हळू?"
"अगं, काच आहे आत.
आदळली तर तुझी आई मला घरात घेईल का?"

मी सांगून टाकलं. पट्टी सोडून दाखवली.
ते काही बोलले नाहीत.
पान्यानं बरणी काढली, पाणी तुळशीत ओतायला निघाले,
सोडा आठवला, मोरीत ओतलं.
रऊफ चार दिवस आमच्या गल्लीतून गेला नाही.
पुढच्या महिन्यात बारा पॉइंट आठ.
खरं सांगितलं, त्याची किंमत
मी त्या दिवशी पत्रिकेच्या पाठीवर काढली:
दर फेरीला सव्वा लिटर.

रऊफ आला तो संध्याकाळी, दारातच उभा राहून म्हणाला,
"पोरी, वायर राहू दे. पाणी पण राहू दे.
नुसती बरणी बसवू का?"
आप्पा हसले. पण नको म्हणाले.
एकदा कळलेलं परत न कळलेलं
कोणत्या पान्यानं करायचं?

आईनं बरणी तीनदा घासली, उन्हात ठेवली,
भोकांचं झाकण फेकून नवं आणलं.
मे महिन्यात तिच्यात कैरीचं लोणचं,
वर चार बोटं तेल,
लातूरला ताईकडे पोचवायचं.
"सांडलं तर बघा," एवढंच म्हणाली.
आप्पांनी ती पुढच्या सीटवर ठेवली,
भोवती धोतर गुंडाळलं.

त्या फेरीला मी टाकी मुद्दाम मोजली,
येताना बरणी नव्हती तरीही
चौदा पॉइंट दोन.
पत्रिकेवर 'कोणतं यंत्र' असा रकाना होता.
त्यात मी लिहिलं: लोणचं.