निळा चौकोन

जुव्याच्या पंचायतीत, जन्मदाखल्यांच्या कपाटामागे
एक संगणक आहे. दर बुधवारी त्याच्यापुढे मी बसते.
आज पिएदादमावशी आली.
प्लॅस्टिकच्या पिशवीत एक-चवदाचा उतारा
आणि लेकाने कुवेतहून पाठवलेला फोन,
जो ती ताटलीसारखा तळहातावर आडवा धरते,
सांडेल काहीतरी, अशा बेताने.

शेताची चार टोकं ती काल स्वतः नोंदवून आली होती,
बांधावरून अनवाणी, कोपऱ्याकोपऱ्याला थांबत.
चार ठिपके. मी जोडले.
खाली सगळं निळं.
लाल अक्षरं उमटली: ही जागा पाण्यात आहे. योग्य जागा निवडा.

"बरोबर गो बाय," मावशी म्हणाली,
"फोटो काढला तेव्हा मानशीच्या फळ्या वर असतील.
कोळंबीचे दिवस."

पिकांच्या यादीत जया होतं, ज्योती होतं.
कोरगुट नव्हतं.
मी 'इतर' दाबलं, आणि उगाचच तिच्याकडे पाहिलं नाही.
मग प्रश्न आला: शेत की जलाशय? एकच निवडा.
मावशीने बोटांवर महिने मोजले,
अर्ध्यावर थांबली, हसली.

फोनवर ती भरतीची वेळ बघते.
ती वेळ पणजीची.
"नदीला इथवर चढायला वेळ लागतो," म्हणून
ती त्यात पाऊण तास मिळवते, अमावास्येला थोडा जास्त,
आणि गजर लावते.
मानशीवरचा सुकूर चंद्र बघून येतो.
दोघांच्यात दहा मिनिटांचा फरक पडतो,
तेवढा वेळ ती दोघं फळीवर बसून भांडतात.
पाणी येतं तेव्हा दोघंही उठतात.

शेवटी मी चौकोन सरकवला,
बारा पावलं पूर्वेला, डांबरी रस्त्यावर.
यंत्राने लगेच मान्य केलं. धन्यवाद म्हणालं.
आता मावशीचं भात, कागदोपत्री,
फेरीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या बसखाली उगवणार.

पावती छापून झाली तरी ती उठेना.
"ते पहिलं निळं परत दाखव."
दाखवलं. तिने चष्मा कपाळावर चढवला,
नखाने काच टोकरली:
"ही बघ आमची तिसरी मेर.
इथे, बरोबर इथे, खेकड्यांनी भोक पाडलंय.
रविवारच्या आत चिखल भरायला हवा."

मला नुसतं निळं दिसत होतं.
मी ते आणखी मोठं केलं.