धोटा

गुरप्पा मिस्त्रीच्या वहीत त्याचं नाव
‘लाल, बाहेरचं’ एवढंच.
भाव लिहिलाय, घनफूट लिहिलंय.
कुठल्या बेटावरनं आलं, ते नाही.

त्याच्या हाताखाली मी अठरा वर्षं धोटे केले.
रंधा रेषेच्या बाजूनं मार, म्हणायचा,
उलटा मारलास तर ओरडतं.
ओरडायचंच.
पण साखर पेठेत तेव्हा दिवसरात्र इतका खटखटाट,
की ओरडलेलं फक्त हाताला कळायचं.

परवा मल्लेशम वड्डेपल्लींनी माग मोडीत काढले.
लोखंड किलोवर गेलं.
धोट्यांचं पोतं माझ्या दारात ओतून म्हणाले,
जाळायला तरी होतील.

एक उचलला. अजून तितकाच जड.
कुशीत सुतानं घासून पाडलेली खाच,
बोटाला लागेल न लागेल अशी.
वलयं मोजायला गेलो, नीट सापडेनात.
जिथं उन्हाळाच नाही
तिथल्या झाडानं वर्षं कशाला मोजायची?
आमच्याकडची बाभळ बघा,
एकेक मे महिना हाडात कोरून ठेवते.

पुतणी लावण्या कॉलेजात झाडांचंच शिकते.
काका, म्हणाली, हे झाड यादीत आहे.
कसली यादी?
संपत चाललेल्यांची.
मग आपल्या पेठेचं नावही बघ गं त्यात,
असं ओठावर आलं होतं.

दोनशे वर्षं जागचं न हललेलं झाड,
आणि आम्ही त्याला मिनिटाला शंभरदा पळवलं
टॉवेलच्या पन्ह्यात, इकडून तिकडं.
हिशेब लावा मल्लेशम, किती कोस झाले?
समुद्र ओलांडून घरी पोचलं असतं.
पण धोटा पन्हा सोडून कुठं जातो?

लावण्यानं सालपटं काचेच्या पेल्यात भिजत घातली,
उंबऱ्यावर ठेवली, चव्वेचाळीस डिग्रीत.
दुपारपर्यंत पाणी मधासारखं झालं,
आणि पेला तिरका धरला
तर कडेला निळं.

चाळीस वर्षं सूत रंगवलेला बालय्या
मुद्दाम बघायला आला.
डोळ्याला लावून, लांब धरून, सावलीत नेऊन बघितलं.
सावलीत विझतं, म्हणाला.
कार्डावर याला नंबर नाही.

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं.
पेला रिकामा लागतो, पाणीही लागतं.
अजून कुणी ओतलेलं नाही.