सत्ती-दुर्री

लाईट गेली की जांबोटी क्रॉसवरचं आमचं दुकान
एकदम बहिरं होतं.
माझा पाय तेवढा हलत राहतो मशीनखाली,
सवयीनं.

इनास आला होता काळी पँट कमरेत घ्यायला.
कॅसिनोतली. सात वर्षं पणजीच्या बोटीवर
लोकांना पत्ते वाटले त्यानं,
आता लोंढ्याकडं काजू, आणि कंबर दोन इंच कमी.
"लाईट येस्तवर शिकवतो," म्हणाला
आणि बटणांचा डबा कापायच्या टेबलावर उपडा केला.

शर्टाचं बटण एक.
कोटाचं दहा.
पितळेचं एकुलतं, कुण्या बँडवाल्याच्या डगल्याचं,
त्याची किंमत ठरवायची राहूनच गेली.

दोन पत्ते तुझे, ते झाक.
पाच सगळ्यांचे : आधी तीन, मग एक, मग एक.
सातांतले पाच धरायचे.
जोडीहून दोन जोड्या मोठ्या, त्याहून तीन सारखे,
ओळीनं पाच लागले तर आणखी वर,
पाची एका रंगाचे तर—
काज करणारी मैमुना बोटांवर मोजत होती,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि मधेच, "माझ्याकडं राणी आल्या!"
इनास हसला नाही.
"पान वाईट असलं तर टाकायचं, पोरी.
टाकणं म्हणजे हरणं नव्हे."
हे मला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर.

चौथ्या डावाला माझ्याकडं चौकट सत्ती, किल्वर दुर्री.
टेबलावर त्यांचं नातेवाईक कुणी नाही.
मी कोटाची तीन बटणं सरकवली.
"तोंड बघालोय तुझं, चंद्राक्का, पत्ते नव्हे."
बघ की.
ह्याच तोंडानं मी कचेरीच्या खिडकीशी
कानडी अर्ज वाचल्यागत केला होता,
उलटा धरून,
आणि कारकुनानं मुकाट शिक्का मारला होता.

मग पितळेचंही सरकवलं.
अंगठ्यानं पत्त्यांच्या कडा चाळवत
बराच वेळ बसला तो. टाकले.
मैमुनानं उलटून बघितलं : दोन राजे.

"तुझे काय होते?"
मघाशी त्यानंच शिकवलेलं,
भरल्याशिवाय बघायचं नाही.
मी माझे गड्डीत मिसळून टाकले.

लाईट आली. शिवण जिथं थांबली होती
तिथूनच धावायला लागली.
"पँटचे किती?"
"ऐंशी."
पाकिटात हात घालून
तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.