पाणी गेलं

बुधवारी रात्री मिंजी बादल्या भरून ठेवते.
कुणी सांगितलं नव्हतं; पहिल्या गुरुवारी
डोक्याला साबण लावलेला दोह्यन
मोरीत उभ्या उभ्या रडला, तेव्हा कळलं.

नवरा सहाला निघतो, रांजणगाव.
परततो तोवर सोआ झोपलेली,
मुठीत अर्धी खारी, उशीवर चुरा.

बाणेरला आमच्या गेटपाशी भाजीची गाडी लागते.
मिंजी बोटं दाखवते :
दोन जुड्या? की वीस रुपये?
दोह्यन मधेच, "मावशी, काहीतरीच काय!
कढीपत्ता टाका की वर."
ती त्याच्याकडे बघत राहते,
पोर पोहता पोहता
आपले पाय टेकत नाहीत तिथवर जावं, तसं.

संध्याकाळी फोनवर बुसानची आजी.
आज काय केलंस, विचारते.
तो त्यांच्या भाषेत सांगतो : पाणी गेलं.
आजी घाबरते. कुठे गेलं?

हे मला मिंजीनेच जिन्यात सांगितलं,
अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी,
आणि थांबली, उत्तरासाठी.

चाळीस वर्षं बादल्या भरतेय मी.
खरंच, कुठे जातं?